तीस ग्रॅमच्या जमीनदाराची शेती

पाळीव पक्ष्याला घरचा दाणा पिकवून घालावा असं ज्याच्या मनात येतं, त्याने कुंडीच्या आधी कागद-पेन्सिल हातात घ्यावी. एक बजी, म्हणजे बजरीगर हा छोटा पोपट, भरते 30 ते 40 ग्रॅम आणि दिवसाला दाणे खाते 5-6 ग्रॅम. वर्षाचे झाले साधारण दोन किलो. राळ्याचं पीक बरं आलं तर चौरस मीटरमागे शंभर-दीडशे ग्रॅम दाणा सुटतो. भागाकार केला की निघतं, एका बजीमागे 13 ते 20 चौरस मीटर जमीन हवी. पक्षी खिशात मावतो, त्याची शेती गॅलरीत मावत नाही. जोडी पाळली असेल तर बैलजोडीचाही विचार करून ठेवावा.

म्हणून माझं स्पष्ट मत: पोटभर दाणा पिकवायच्या फंदात पडू नये. रोजचा दाणा विकतच आणावा. घरी करावेत मोड, कोवळं गवत आणि हौसेपुरती चार कणसं. ह्या तीन गोष्टी ताज्या असण्यातच खरी मजा आहे, आणि तेवढ्यानेही माणूस पुरेसा बेजार होतो.

बियाण्यापासूनच घोळ सुरू होतो. पेरणीसाठी विकलं जाणारं बियाणं दिसायला देखणं असतं. गुलाबी, निळं, हिरवं. तो रंग बुरशीनाशकाचा असतो. धुऊन चालेल का, असं विचारूसुद्धा नये. त्यातून पुढे उगवणारं पीक वेगळं, पण ते बी चुकूनही पक्ष्याच्या वाटीत किंवा मोडांच्या भांड्यात जाता कामा नये. त्यापेक्षा पक्ष्याच्या खुराकातलेच टरफलासकट दाणे घ्यावेत. सडलेले, म्हणजे टरफल काढलेले नकोत. ते उगवण्यापेक्षा कुजणंच पसंत करतात. ओल्या फडक्यात शंभर दाणे गुंडाळून चार-पाच दिवसांनी मोजावेत. ऐंशीच्या वर उगवले तर माल ताजा. निम्मे उगवले तर पक्षी आजवर काय खात होता, तेही कळतं.

मोड काढणं सोपं, असं सगळे सांगतात. सोपं आहेच, फक्त नाक शाबूत हवं. दाणे आठ-दहा तास भिजवायचे, पाणी ओतून चाळणीत निथळत ठेवायचे आणि दिवसातून तीन वेळा धुवायचे. उन्हाळ्यात एका दिवसात, थंडीत दोन-तीन दिवसांत पांढरं टोक डोकावतं. तेव्हाच द्यायचे, मोठे होऊ द्यायची हाव नको. आंबूस वास आला की सगळं बाहेर. एका पक्ष्याला एक छोटा चमचा पुष्कळ, आणि उरलेलं दोन-तीन तासांत पिंजऱ्यातून काढायचं. राजमा मात्र मोड आणूनही कच्चा द्यायचा नाही, तो विषारी असतो.

आता पांढऱ्या लवेचं प्रकरण. मोडांवर लव दिसली की नवखा माणूस बुरशी समजून सगळं फेकतो आणि धीट माणूस बुरशीलाच लव समजून वाढतो. फरक असा, की मुळांचे केस फक्त मुळाला असतात आणि पाण्याखाली धरले की चपटे होऊन दिसेनासे होतात. बुरशी दाण्यादाण्यांत जाळं विणते, टरफलावरही चढते आणि धुतली तरी रेंगाळते. पक्ष्याची फुप्फुसं बुरशीला फार लवकर हार मानतात, तेव्हा शंका आली तर फेकणाऱ्याच्याच गटात राहावं.

गवतासाठी उथळ ट्रे, बोटभर माती, भिजवलेला गहू किंवा राळे. दाट पेरून वर पाण्याचा मारा केला की रोपं बुडाशी सडून आडवी होतात. पाणी सकाळी एकदाच, तेही बेताने. आठ-दहा दिवसांत वीतभर होतं. कात्रीने कापून दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून द्यावं, लांब पाती पोटात गुंता करतात. कोवळ्या गवतासाठी ज्वारी मात्र पेरू नये. तिची किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीतल्या सायनाइडची विषबाधा, गुरांनाही होते, मग तीस ग्रॅमच्या जिवाची काय कथा. कोथिंबीर चालते. पालकातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवून धरतं, म्हणून तो अधूनमधूनच. मावा आला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवावा. औषध मारलेली पालेभाजी खायची नसेल, तर पिकवायचीही नाही.

कणसांचं तर महाभारतच. राळे उबदार मातीत एक-दीड सेंटिमीटर खोल पेरायचे, ओळींत 25 सेंटिमीटर अंतर, रोज किमान सहा तास ऊन. साधारण दीड-दोन महिन्यांत कणीस बाहेर पडतं आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत दाणा चिकात भरतो. दाबला की दूध निघतं. पक्ष्याला हेच सर्वांत प्रिय. अडचण एवढीच की चिमण्यांनाही हेच सर्वांत प्रिय, आणि त्यांना पिंजरा नाही. म्हणून दाणा भरायच्या आत प्रत्येक कणसाला मलमलीची पिशवी बांधायची. प्लॅस्टिकची नको, आत घाम धरतो आणि बुरशी आयतीच पिकते. पिकू द्यायचं ठरवलंत तर पेरणीपासून तीनेक महिने धरा. मग सावलीत दोन आठवडे उलटं टांगून, खडखडीत वाळल्यावर तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवावं, म्हणजे पतंग आणि सोंड्यांची अंडी मरतात.

इतकं करून कणीस पिंजऱ्यात अडकवलं की पक्षी काय करतो? विरुद्ध कोपऱ्यात जाऊन मान लांब करून किंचाळतो. अनोळखी वस्तू म्हणजे शत्रू, हा त्याचा पिढीजात समज आहे. कणीस आधी पिंजऱ्याबाहेर, मग दूरच्या दांडीजवळ, मग जवळ असं सरकवत न्यावं. ओला पाला वर टांगला तर पुष्कळ बजी त्यात आधी अंघोळ करतात आणि मग चुकून चव घेतात. उपाशी ठेवून खायला लावू नये. एवढ्याशा जिवाला उपास सोसत नाही. आठवड्याला वजन करावं. हिरवं खाल्ल्यावर शिटेत पाणी वाढतं, त्याने घाबरू नये. पण पक्षी पिसं फुगवून गप्प बसला असेल, तर पशुवैद्यच गाठावा.

कणीस खाल्लं की नाही, हे लांबून ठरवता येत नाही. पक्षी दाणा सोलतो आणि फोलपटं तिथेच लटकतात; कणीस भरल्यासारखंच दिसतं. जवळ जाऊन फुंकर मारावी. सगळं उडालं तर जेवण झालं, जागचं हललं नाही तर अजून करार व्हायचा आहे. फुंकर मारताना डोळे मिटलेले बरे.