राखाडी झालं म्हणजे सागवान नकली? काहीच्या काही

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरून राह्यला. अस्सल सागवान कधी राखाडी पडत नाही, पडलं तर मिलवाल्यानं फसवलं समजा, आपल्या ४५ डिग्रीच्या उन्हानं ते आतून जळून सडते, अन् उपाय काय तर ट्रॅक्टरचं जळकं ऑइल मारा. गावात काहींनी चौकटीला मारलंही.

भाऊ, आलापल्लीच्या जंगलातलं एक नंबर सागवान आणून उघड्यावर ठेवा, काही पावसाळ्यात ते राखाडी होणारच. लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन असते, उन्हातले अतिनील किरण ते तोडतात, पाऊस धुऊन नेतो, वर फिक्कं सेल्युलोज, म्हणजे ते तंतूच, उरते अन् त्यावर बारीक काळी बुरशी बसली की झाला तो रंग. सागाच्या अंगचं तेल उदई (वाळवी) दूर ठेवायच्या कामाचं, उन्हाला ते अडवत नाही.

सडलं म्हणता तर रंदा मारून पहा ना, खाली तपकिरीच निघते, कारण हे किरण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आतच थांबतात. पाइनसारखं मऊ लाकूड उघड्यावर १०० वर्षांत साधारण ६ मिलिमीटर झिजते, साग तर त्याच्याहून कडक. सड वेगळी, ती चौकटीचा पाय जिथं ओल्या मातीत गेला तिथं लागते, तिथं खिळा टोचून पहा, भसकन आत गेला तर काळजी करा.

अन् उष्णतेनं जळते म्हणे! सपरीतलं दार पहा, छपराच्या सावलीतला वरचा भाग तपकिरी, खालचा राखाडी, हवा तर दोघांले सारखीच गरम.

जळकं ऑइल राखाडी झाकते कारण ते स्वतःच काळं आहे, बाकी काही नाही. इंजिनातली घाण, धातूचा चुरा त्यात असते अन् त्याच दाराला लेकरं लटकतात, नंतर वर पेंटही धड बसत नाही. बिनरंगी वार्निशही बाहेर टिकत नाही, किरण आरपार जाऊन खालचं लाकूड सैल करतात मग पापुद्रे निघतात. त्यापेक्षा आपला भडक निळा ऑइलपेंट बरा, त्यातला रंगच किरणं अडवतो. (शहरातले हसतात, हसू द्या.)

फसवणूक होते, नाही असं नाही, पण ती वेगळ्या जागी. सागाचा तपकिरी गाभा टिकतो, सालीजवळचा पांढरा भाग उदई खाते, मग झाड कितीही अस्सल असो. चौकटीत तो पांढरा भाग घुसवून वर गडद पॉलिश मारून देतात, अन् राखाडी झाल्यावर तर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून पॉलिश मारायच्या आधीच सुताराकडं जाऊन माल पाहून घ्या.