जुन्या ग्रुप फोटोतली जात आणि ऐपत इतक्या सहज वाचता येत नाही

व्हॉट्सॲपवर एक मजकूर वारंवार फिरतो. एकोणिसाव्या शतकातला कुठलाही ग्रुप फोटो घ्या आणि पाच खुणा पाहा: काळा दिसतो तो खालच्या जातीचा, पांढरं लुगडं म्हणजे विधवा, खुर्चीत बसलेला मालक आणि उभा तो नोकर, हातात पुस्तक म्हणजे शिकलेला, अनवाणी म्हणजे गरीब. लोक आपल्या घरातल्या अल्बमलाही हेच निकष लावू लागलेत, म्हणून हे लिहितो आहे.

आधी रंग, कारण सर्वांत मोठा घोटाळा तिथेच आहे. 1851 नंतर रूढ झालेली कलोडियनची ओली काच, म्हणजे कॅमेऱ्यात फोटो उमटवायची, चिकट रसायनाचा थर दिलेली काच, निळा प्रकाश चटकन पकडायची. लाल आणि पिवळा जवळजवळ नाहीच. नंतर आलेल्या कोरड्या काचांचीही बराच काळ हीच गत होती. लाल रंग नीट पकडणाऱ्या काचा बाजारात यायला विसावं शतक उजाडावं लागलं. म्हणजे निळसर लुगडं फोटोत पांढरं पडायचं, लाल लुगडं काळं. गव्हाळ, तांबूस कातडी प्रत्यक्षापेक्षा बरीच सावळी यायची. अशा फोटोतल्या वर्णावरून जात ठरवणारा माणूस खरं तर काचेवरच्या रसायनाचा रंग वाचत असतो.

‘पांढरं लुगडं म्हणजे विधवा’ हे तर आपल्याकडे दुहेरी चूक. महाराष्ट्रातल्या ब्राह्मण घरांत केशवपन झालेल्या विधवेच्या अंगावर लाल आलवण, म्हणजे विधवेचं लुगडं, असायचं. फोटोत ते गडद उतरणार. उलट सवाशिणीचं लाल कुंकू काळपट होऊन कपाळाच्या रंगात पार हरवूनही जातं. कुंकू दिसत नाही म्हणून कुणाच्या पणजीला विधवा ठरवू नका.

खुर्चीचा मुद्दा अर्धा खरा आहे. मान मधल्या खुर्चीला असे, हे कबूल. पण काचेवर प्रकाश काही सेकंद पडू द्यावा लागे आणि तेवढा वेळ कुणी हललं की चेहरा पुसट. म्हणून म्हातारी माणसं, मुलं मांडीवर घेतलेल्या बाया बसवल्या जात आणि उभ्या माणसांच्या मानेमागे लोखंडी टेकू लावत. घरच्या फोटोत मागे उभे असलेले बहुधा धाकटे भाऊ, मुलगे, सुना असतात.

पुस्तक, कोरीव टेबल, खांब, पडदा हे बहुतेक वेळा स्टुडिओचं सामान. एकच टेबल दहा अनोळखी कुटुंबांच्या फोटोत सापडतं.

अनवाणी पायांचं तेच. गालिच्यावर जोडे काढून बसणं ही आपल्याकडे रीत होती, दारिद्र्य नव्हे.

मग या फोटोत वर्ग दिसतच नाही का? दिसतो, आणि ठळक दिसतो, फक्त दुसरीकडे. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या छायाचित्रकाराने 1863 आणि 1866 मध्ये मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांच्या ग्रुप फोटोंचे दोन खंड लंडनला छापले. त्यांतली कितीतरी माणसं एका जागी टिपलेली आणि मागचं दृश्य दुसरीकडून आणून जोडलेलं आहे. त्यामुळे पार्श्वभूमी पाहून ‘हे इथले राहणारे’ म्हणणं फसवं. चित्राखाली बहुतेक ठिकाणी समाजाचं नाव आहे, माणसाचं नाही. त्याच मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि मुंबईतले नामवंत डॉक्टर भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. कॅमेऱ्याच्या मागे उभं राहू शकणारे एतद्देशीय आणि समोर नमुना म्हणून उभे केलेले एतद्देशीय, हे वर्गाचं अंतर कपड्यांवरून कळणार नाही.

ते शोधायचं तर फोटो उलटा करा. मागे स्टुडिओचा शिक्का आहे का, पैसे कुणी मोजले, खाली कुणाची नावं शाईने लिहिली आणि कडेला उभा असलेला कोण निनावी राहिला, हे आधी पाहा. खुर्ची त्यानंतर.