इलेक्ट्रिक बॉईज अमेरिकेचे नव्हेत

‘इलेक्ट्रिक बॉईज हा लॉस एंजेलिसचा बँड, १९९४ला संपला तो संपलाच’ असा मजकूर सध्या फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक. हा रॉक बँड अस्सल स्वीडनचा, स्टॉकहोमचा. कॉनी ब्लूम आणि अँडी क्रिस्टेल यांनी १९८८ला काढलेला. गोंधळ बहुधा पहिल्या अल्बममुळे होतो. ‘फंक-ओ-मेटल कार्पेट राइड’ १९८९ला स्वीडनमध्ये आला आणि १९९०ला बाहेरच्या देशांसाठी वेगळ्या रूपात. त्यातल्या काही गाण्यांचा निर्माता बॉब रॉक, हो, अमेरिकन बँड मेटालिकाच्या ‘ब्लॅक अल्बम’वालाच! पण त्यातल्या ‘ऑल लिप्स एन हिप्स’ या गाण्याचा तो उसळता, कंबर हलवणारा रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) स्वीडिश हातांचाच. १९९४ला बँड मोडला हे खरं. मधे ब्लूम आणि क्रिस्टेल दोघं फिनलंडच्या हनोई रॉक्स या बँडमध्ये वाजवत होते, आणि २००९ला इलेक्ट्रिक बॉईज पुन्हा जमले.