‘मेडिक्लेम बंद करा’ सांगणारा मेसेज

गेला महिनाभर नातेवाइकांच्या तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. "महाराष्ट्रात आता प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांपर्यंत उपचार मोफत. कोणत्याही हॉस्पिटलमध्ये कार्ड दाखवा, एक रुपयाही लागणार नाही. मेडिक्लेमचे हप्ते आजच थांबवा." खाली हात जोडलेले.

पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, म्हणून तर पुढची दोन गळी उतरतात. महात्मा फुले जनआरोग्य योजना पूर्वी मुख्यतः पिवळ्या-केशरी रेशनकार्डांसाठी होती, तीही दीड लाखापर्यंत. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने पांढरं कार्डही त्यात आलं आणि मर्यादा पाच लाख झाली. मात्र हे पाच लाख वर्षाला, अख्ख्या कुटुंबाला मिळून. माणशी नाही.

"कोणत्याही हॉस्पिटलमध्ये" हे साफ चूक. शेजारच्या काकांच्या छातीत कळ आली तेव्हा आम्ही रिक्षाने जवळचं हॉस्पिटल गाठलं. काउंटरवरच्या मुलीने लॅमिनेट केलेलं आयुष्मान कार्ड (केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचं; महाराष्ट्रात ती फुले योजनेसोबत एकत्रच चालते) उलटंपालटं करून परत सरकवलं. "आमच्याकडे योजना नाही, डिपॉझिट भरा." कार्ड अस्सल होतं, काका पात्र होते, हॉस्पिटल योजनेतलं नव्हतं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. ते दिसलं नाही, तर डिपॉझिटचे पैसे काढण्याआधी विचारा. आणि जवळचं कुठलं हॉस्पिटल योजनेत आहे, हे आजच योजनेच्या 155388 या हेल्पलाइनवर विचारून फ्रिजवर लिहून ठेवा. कळ आल्यावर कोण फोन लावत बसणार?

"एक रुपयाही नाही" हे योजनेच्या यादीतल्या उपचारांपुरतं. त्यात खाट, ऑपरेशन, औषधं, जेवणसुद्धा येतं. दरमहाच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आणि ओपीडीची फी मात्र खिशातूनच.

आता तिसरं वाक्य, ज्याची मला खरी भीती वाटते. मेडिक्लेम म्हणजे नुसती वर्षाची पावती नव्हे, त्यात मुरलेली वर्षंही असतात. जुन्या आजारांसाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. सलग पाच वर्षं झाली, की ‘आजार लपवलात’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. पॉलिसी तुटली, की हे सगळं पुन्हा शून्यापासून; तेही साठीत, शुगर लागल्यावर, कंपनीने घेतलं तर.

शिवाय हे किंवा ते, असं निवडायला सांगितलंय कोणी? सत्तरीपुढच्यांसाठी 29 ऑक्टोबर 2024 ला आयुष्मान खुली झाली ती उत्पन्नाची अट न घालता, आणि खासगी मेडिक्लेम असलेल्यांनाही ती मिळते. हप्ते दरवर्षी फुगतात, ही तक्रार रास्तच आहे. त्यासाठी पॉलिसी पोर्ट करा, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे हलवा; मुदतीआधी निदान 45 दिवस अर्ज टाका. जुनी वर्षं सोबत येतात.

आमच्या मामांनी मेसेज वाचून हप्ता भरलाच नव्हता. कळलं तेव्हा एकोणीस दिवस उलटले होते. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, म्हणून वर्षं वाचली. मधल्या एकोणीस दिवसांत काही झालं असतं, तर क्लेम मिळाला नसता. पैसे भरले त्या संध्याकाळी मामांनीच तो मेसेज पुन्हा ग्रुपवर टाकला. म्हणाले, "अरे, पहिली ओळ तर खरी आहे ना?"