‘माहिती नसलेल्यांनी गिटार विकू नये’: एक स्टारच्या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा अभिप्राय काल रात्री दुकान बंद करताना वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला. तुम्ही लिहिले आहे की डिसेंबरात कापसाचे पैसे हातात आल्यावर आमच्याकडून अकॉस्टिक गिटार घेतली आणि ‘घरी सेटिंग करायचे पूर्ण किट द्या’ म्हणून मागितले. दुकानदाराने मात्र मोटारसायकलवाल्यांचा फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा), स्टीलची पट्टी, षटकोनी टोकाची एक एलन की आणि बारीकसारीक चार वस्तू दिल्या. मे महिन्यात तारा झणझणायला लागल्या, तुम्ही की फिरवली आणि आणखीच बिघडले. दोनदा फोन केला, कोणी उचलला नाही. ऑनलाइन २६ नगांचे किट मिळत असताना आम्ही तुम्हाला जुजबी सामान दिले, आणि माहिती नसलेल्यांनी गिटार विकू नये.

फोनबद्दल आधी सांगतो. लग्नसराई होती, फोन काउंटरवर आणि मी मागच्या खोलीत. नंतर तरी लावायला हवा होता, लावला नाही. माफ करा.

याहून मोठी चूक कीची आहे. तुम्हाला दिलेली की ५ मिमीची, लांब दांड्याची होती, तुमच्या गिटारच्या ट्रस रॉडला, म्हणजे नेकच्या (दांडीच्या) आतल्या लोखंडी सळईला, ती बरोबर बसते. पण ती कोणत्या बाजूला फिरवायची, किती फिरवायची आणि त्याआधी काय मोजायचे, यातले काहीच मी दाखवले नाही. त्या दिवशी एका भजनी मंडळाची हार्मोनियम न्यायला माणसे उभी होती आणि मी तुम्हाला घाईने मोकळे केले. अशी की न शिकवता देऊ नये, हे मला माहीत होते. तुमचा राग तिथे रास्त आहे.

आता मे महिन्यात नेमके काय झाले ते लिहितो. हे वाचणाऱ्या आणखी कोणाच्या घरी गिटार असेल तर त्यांच्याही कामी येईल.

आमचे दुकान मूळचे टाळ, खंजिरी, ढोलकी आणि हार्मोनियमचे. गावोगावच्या भजनी मंडळांना सांगावे लागत नाही की पावसाळ्यात खंजिरीचे कातडे ढिले पडते आणि उन्हाळ्यात ताणते. गिटारचे लाकूडही हवेचे ऐकते, फक्त हळू. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली उतरणे काही नवीन नाही. लाकूड आकसते, वरची फळी किंचित खाली बसते, तिच्यासोबत सॅडल (पेटीवर तारा टेकतात ती पट्टी) आणि तारा खाली येतात. नेकची पुढची बारीक कमान बहुतेक वेळा कमी होते, कधी नेक मागेही झुकते. फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोके तळहाताला टोचायला लागली असतील, तर ओळखा की फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची बोटे ठेवायची फळी, आकसला आहे.

ही कमान ट्रस रॉडच्या हातात असते. बारा नंबरच्या (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंचाची) तारांच्या सेटचा एकूण ताण ७० किलोच्या पुढे जातो. तारा नेकला पुढे ओढतात, आतला लोखंडी रॉड मागे धरतो. की घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की रॉड कसतो आणि नेक आणखी सरळ होते. उलट फिरवली की ढिला होतो आणि कमान वाढते. तुम्ही लिहिले आहे की झणझण पहिल्या तीन-चार फ्रेटवर होती आणि तुम्ही की कसली. अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) जास्त असली की रॉड कसा, असे व्हिडिओत सांगतात, ते हिशेबाने बरोबरही आहे. पण तुमच्या नेकचा पुढचा वाक आधीच संपला होता. तिथे कसण्याऐवजी सोडायला हवे होते, तेही आठवा हिस्सा फेरी, म्हणजे घड्याळावर दीड तासाचे अंतर. मग सूर लावायचा, काही तास थांबायचे, पुन्हा मोजायचे.

मोजायचे कशाने? त्याच फिलर गेजने. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. नेक जिथे पेटीला जुळते त्या फ्रेटवर जाड सहावी तार दाबून धरा आणि सातव्या फ्रेटच्या माथ्यावर ०.२५ मिमीचे पाते सरकवून बघा. पाते तार न हलवता जेमतेम सरकले तर कमान ठीक. ०.१० चे पातेही तार उचलत असेल, तर नेक नको तितकी सरळ आहे. मेकॅनिक याच पात्यांनी टॅपेटचा गॅप बघतो, म्हणून हा गेज स्पेअरपार्टच्या दुकानात मिळतो. मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा दोन्हीकडे सारखाच. गिटारचे चित्र छापलेल्या डबीत घातला की त्याची किंमत वाढते, माप वाढत नाही.

स्टीलच्या पट्टीचेही कारण आहे. कंपासमधल्या प्लास्टिकच्या पट्टीचे शून्य कडेपासून थोडे आत असते. ती फ्रेटवर उभी केली तर माप चुकते. मी दिलेल्या पट्टीचे शून्य अगदी कडेला आहे आणि तिच्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा आहेत. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली साधारण अडीच मिमी, बारीक तारेखाली पावणेदोन ते दोन मिमी, एवढे असले की शिकणाऱ्याच्या बोटांना त्रास होत नाही.

आता २६ नगांच्या किटबद्दल. ते विकून मला चार पैसे जास्त मिळाले असते. मी नाही म्हटले ते कानशीमुळे. अशा बहुतेक किटांत नटच्या (नेकच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा घासायच्या बारीक कानशी असतात, आणि नवीन माणसाचा हात पहिला तिकडेच जातो. शिकत असताना मी स्वतः एका ग्राहकाच्या गिटारच्या नटची खाच दोन ओढ्यांनी जास्त घासली आणि ती मोकळी तार कायमची झणझणायला लागली. खायचा सोडा आणि फेविक्विक भरून खाच वर आणता येते, तशी आणलीही, पण ते ठिगळ. शेवटी माझ्या पैशाने नवीन नट बसवून दिला. रॉड चुकीचा फिरला तर परत फिरवता येतो. घासलेले परत येत नाही. म्हणून पहिल्या वर्षी मी फक्त मोजायची आणि परत फिरवता येतील अशी हत्यारे देतो. हे माझे मत आहे आणि तुमच्या अभिप्रायानंतरही ते बदललेले नाही. त्याच किटांत बहुधा तारांखालची गोलाई तपासायचे नऊ पत्रेही येतात. इलेक्ट्रिक गिटारला प्रत्येक तारेचे सॅडल वेगळे असते, तिथे ते लागतात. तुमच्या गिटारला एकच अखंड सॅडल आहे, ते पत्रे डब्यातच राहिले असते.

सॅडल घासायचे मात्र घरी जमते, सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून, बुडाकडून. बारावा फ्रेट नट आणि सॅडलच्या बरोबर मधोमध असल्यामुळे तिथे अर्धा मिमी कमी हवे असेल तर बुडातून १ मिमी जाते. पण आपल्याकडे ते श्रावणात करू नका. पावसाळ्यात फळी फुगते, तारा वर जातात, माणूस वैतागून सॅडल घासतो आणि पुढच्या वैशाखात त्याच तारा फ्रेटला लागतात. माझ्याकडे येणाऱ्या गिटारी बऱ्याचदा याच दुखण्याच्या असतात. दिवाळी झाल्यावर, हवा मधली असताना मोजा आणि मग ठरवा.

बाकी चिमट्याचा ट्यूनर, तारा गुंडाळायची चरखी, कटर आणि दोन नंबरचा स्टार पेचकस तुमच्याकडे आहेच. ट्यूनरमध्ये सीआर२०३२ चा सेल पडतो. तारा पिळायचे कान ढिले झाले तर बहुतेक ठिकाणी १० मिमीचा पाना लागतो, तो गाडीच्या सामानात असतोच. वाजवून झाले की जुन्या सुती धोतराच्या फडक्याने तारा पुसा, खास कापड विकत घेऊ नका. फिंगरबोर्डला खोबरेल लावू नका, ते चिकट होऊन धूळ धरते.

कूलरच्या समोर गिटार उभी ठेवत असाल तर आजच हलवा. दुपारी ओला झोत आणि लाइट गेली की कोरडी भट्टी, ही उलटापालट नुसत्या कोरड्या हवेपेक्षा वाईट. गिटार केसमध्ये बंद ठेवा. प्लास्टिकच्या साबणदाणीला भोके पाडा, घट्ट पिळलेला स्पंज तिच्यात घालून ती केसमध्ये ठेवा आणि स्पंज रोज बघा. पाणी टिपकायला नको. शेजारी आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ असले की अंदाज लावत बसावे लागत नाही. खरे तर पहिल्या दिवशी मी तुम्हाला हेच द्यायला हवे होते. ते तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवले आहे, त्याचे पैसे नाहीत.

गिटार घेऊन या भाऊ. तोवर की आणखी कसू नका. दुपारच्या उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा काळीपिवळीच्या टपावर आणू नका, उष्णतेने ब्रिजचा (पेटीवर तारा अडकवलेल्या लाकडी तुकड्याचा) गोंद सुटतो. सकाळच्या एसटीने या. सेटिंग मी करणार नाही, तुमच्या हातून करून घेईन, तुमच्याच गेजने. अर्धा-पाऊण तास लागेल आणि तेवढा वेळ काउंटर मुलगा सांभाळेल. रॉडचा बोल्ट गोल झाला असेल किंवा नेक जागेवर आली नाही, तर गिटार बदलून देतो. बिल हरवले असले तरी चालेल, डिसेंबरच्या वहीत तुमची नोंद आहे. आणि या आठवड्यापासून काउंटरवर एक जुनी गिटार कॅपो लावून ठेवली आहे. की विकत घेणाऱ्याने आधी तिच्यावर सातव्या फ्रेटचे माप घेऊन दाखवायचे, मगच की मिळेल.