नवव्या महिन्यात चाललं नाही म्हणून मूल मंद होत नाही

मंगळवारी रात्री पावणेअकराला भावजयीचा फोन आला. ते धायरीला, मी कर्वेनगरला. या वेळेला फोन म्हणजे बाळाला ताप तरी असणार नाहीतर पडलं तरी असणार. तसं काही नव्हतं. ती रडत होती. "ताई, बाळाची वाढ मागे असेल का हो?"

भाचा अकरा महिन्यांचा. दोनच दिवसांपूर्वी त्याने माझ्या पर्सची चेन उघडून घराची किल्ली काढली आणि सोफ्याखाली सरकवून दिली. ती शोधायला आम्ही तिघं लागलो. त्यामुळे मला आधी हसूच आलं. मग तिने तो मेसेज पाठवला.

'आजीच्या बटव्यातलं बालविज्ञान' असं वर, आणि खाली 'पुण्यातील एका ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञांचा ४० वर्षांचा अनुभव'. नाव नाही, दवाखाना नाही. पण पुण्यातील ज्येष्ठ म्हटलं की आपल्याकडे पुढचं कुणी विचारत नाही. तिच्या आईच्या भजनी मंडळातून तो तिच्याकडे आला आणि त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा पडला. दुसऱ्यांदा पाठवणाऱ्या काकूंनी वर लिहिलं होतं, 'नव्या आयांनी जरूर वाचावे'. तर वाचलं.

मेसेज म्हणतो: मूल चौथ्या महिन्यात बसलं पाहिजे, सहाव्यात रांगलं पाहिजे, नवव्यात चाललं पाहिजे. तसं झालं नाही तर मेंदूची वाढ मागे आहे असं समजावं. जे मूल रांगत नाही त्याचं गणित कायमचं कच्चं राहतं. उपाय म्हणून पाचव्या महिन्यापासून वॉकर. बोलणं लवकर यावं म्हणून रोज मध आणि वेखंड. उन्हाळ्यात तिसऱ्या महिन्यापासून चमच्याने पाणी. डोळे मोठे व्हावेत म्हणून काजळ. शिवाय मालिश करा आणि मोबाईल दाखवू नका.

आधी वेळापत्रक, कारण रडवलं त्याने.

मूल कधी बसतं, कधी चालतं हे जागतिक आरोग्य संघटनेने मोजलेलं आहे. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ मुलांच्या घरी प्रशिक्षित माणसं चौथ्या महिन्यापासून नेमाने जात राहिली, मूल चालायला लागेपर्यंत. निष्कर्ष २००६ साली छापले गेले. त्यातली सगळ्यांत घाईची आणि सगळ्यांत निवांत अशी शेकडा एकेक मुलं वगळली तर बाकीची आधाराशिवाय बसली ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान. आणि आधाराशिवाय चालली ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. पुन्हा वाचा, साडेसतरा महिने. ही सगळी निरोगी मुलं. चालण्याची सरासरी १२ महिन्यांच्या आसपास येते, म्हणजे पहिल्या वाढदिवसाला केक कापताना साधारण निम्मी मुलं कडेवरच असतात. मेसेजातल्या डॉक्टरांच्या हिशेबाने ही सगळी मंद.

आणि रांगणं. त्याच अभ्यासात ४.३ टक्के मुलं हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. कुणी पोटावर सरपटतं, कुणी थेट उभं राहतं, आमचा भाचा बुडावर सरकतो: एक पाय पुढे टाकायचा, उजव्या हाताने फरशीला रेटा द्यायचा आणि दिवाणखाना पार करायचा. लंगोट एका बाजूने झिजतो तेवढंच. आता याचा गणिताशी संबंध काय? मी दहावीपर्यंत गणितात काठावर पास होत आले, आणि आई शपथेवर सांगते की मी सहाव्या महिन्यात रांगत होते.

अर्धं खरं आहे ते कबूल करते, नाइलाजाने. उशिराकडे नुसतं 'होईल हो हळूहळू' म्हणून बघत बसू नये, हे मेसेजात गर्भित आहे आणि ते बरोबर आहे. दीड वर्ष होऊनही मूल चालत नसेल, आधी येत असलेली गोष्ट येईनाशी झाली असेल, एकच हात वापरत असेल, आवाजाकडे वळत नसेल, अंग फार सैल किंवा फार ताठ वाटत असेल, तर डॉक्टरकडे जायचं, आजच. सरकारी दवाखान्यात मिळणारं माता-बाल संरक्षण कार्ड लसीच्या तारखांपुरतंच उघडलं जातं. वाढीचे टप्पेही त्यात चित्रांसकट दिलेले असतात. ते बघा. मूल दिवस भरायच्या आधी जन्मलं असेल तर वय जन्मतारखेवरून नाही, अपेक्षित तारखेवरून मोजायचं, हेही कुणी सांगत नाही.

आता वॉकर. इथे माझा तोल जातो, आधीच सांगते.

थोरलीच्या वेळी आम्हीही आणला होता. निळा, पुढे गाणी वाजवणारं बदक. आठव्या महिन्यात ती त्यात सुसाट. मी ओट्याशी कणीक मळत होते. दिवाणखान्यातून बाल्कनीत जायला दोन इंचांचा उंबरा आहे, पुढचं चाक तिथे अडकलं आणि वॉकर तिच्यासकट पालथा. हनुवटीला दोन टाके. बदक गातच होतं.

वॉकरमध्ये मूल चालत नसतं, लोंबकळत चवड्यांनी ढकलत असतं. तोल सांभाळायची गरजच पडत नाही, पडून पुन्हा उठायची सवय होत नाही, आणि पुढच्या ट्रेमुळे स्वतःचे पाय दिसत नाहीत. त्याने चालणं लवकर येत नाही. उलट थोडा उशीरच झाल्याचं दिसलंय. वर जे मूल काल सतरंजीवर होतं ते आज दोन सेकंदांत चहाच्या कपापाशी, इस्त्रीच्या वायरीपाशी किंवा जिन्यापाशी पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये यांच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे हीच वस्तू बारशाला भेट म्हणून येते.

यावर आमच्या सासूबाई म्हणाल्या, "तुळशीबागेतून आणलेल्या पांगुळगाड्यावरच शिकला ना तुझा नवरा?" शिकला असेल. पण पांगुळगाडा म्हणजे वॉकर नव्हे. तो तीन चाकांचा लाकडी गाडा. स्वतःच्या पायांवर उभं राहता येणारं मूल दांडा धरून तो पुढे ढकलतं. भार त्याच्याच पायांवर. हात सुटला की बसकण मारायची. आजीच्या बटव्याचं नाव घेऊन प्लास्टिकची झोळी विकायची, यात आजीचा काय दोष?

मध. सोन्याच्या अंगठीने मध चाटवणं कितीही जुनं आणि गोड असलं, तरी एक वर्षाच्या आत बाळाला मध द्यायचा नाही. एक थेंबही नाही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. आपण ते पचवतो, पण तान्ह्याच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात: आधी बद्धकोष्ठ, मग दूध ओढायचा जोर जातो, रडणं क्षीण होतं, मान टाकली जाते. त्याला बोट्युलिझम म्हणतात. विरळा आजार आहे, पण झाला तर मूल श्वासाच्या यंत्रावर जाऊ शकतं. 'शुद्ध, ओळखीच्या मधमाशीपालकाकडचा' हे उत्तर नाही. बीजाणूंना ओळखपाळख कळत नाही आणि घरच्या गॅसवर कोमट केल्याने ते मरत नाहीत. मध खाल्ल्याने कुणी लवकर बोलतही नाही. मूल बोलतं ते त्याच्याशी बोलल्याने.

बाकीचं भराभर. पाणी: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पुण्याच्या एप्रिलमध्येसुद्धा. दुधात ८५ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. उकडतंय तर जास्त वेळा पाजा. काजळ: डोळा त्याने मोठा होत नाही, आणि काही काजळांत शिसं सापडलंय. दृष्टच काढायची तर तळपायाला तीट लावा. मालिश: हो, छान, फक्त पाय ओढून 'सरळ' करू नका आणि नाक चिमटीत धरू नका. मोबाईल: हे मात्र पूर्ण बरोबर. जागतिक आरोग्य संघटनाही दोन वर्षांपर्यंत नकोच म्हणते. मजा म्हणजे हे मोबाईलवरून पाठवणाऱ्या काकूंच्या नातवाला भरवताना समोर काय लावलेलं असतं, ते आमच्या सगळ्या मजल्याला ऐकू येतं.

भावजयीला हे सगळं मी रात्रीच सांगितलं, थोडं कमी चिडून. तिने ऑनलाईन मागवलेला वॉकर रद्द केला. मग जरा थांबून म्हणाली, "पण ताई, वाढदिवसाला उभा फोटो हवा होता हो."

म्हटलं, बसलेला काढून घे. पुढच्या वर्षी याला एका जागी बसवून दाखव.