वाढदिवसाला धनसाक नको

आम्ही सीकेपी. म्हणजे मटण आणि मासे या विषयांतला शेवटचा शब्द आपला, हे जन्मतःच ठरलेलं. जगात इतर लोकही स्वयंपाक करतात, हे आम्हाला ऐकून माहीत असतं.

अशा घरात बायकोने वाढदिवसाची फर्माईश केली, धनसाक, म्हणजे पारशांचं डाळीतलं मटण. तेही नुसतं नाही, ब्राऊन राईस, कबाब आणि कचुंबर, असं साग्रसंगीत. लग्नाआधी तिचं ऑफिस फोर्टात होतं आणि दुपारचं जेवण इराण्याकडे, त्यामुळे तिची जीभ आमच्या घरी येण्याआधीच पक्की झालेली. आमच्याकडचा नियम असा की ज्याचा वाढदिवस त्याने मागायचं आणि बाकीच्यांनी करून घालायचं. नियम आईनेच केलेला, त्यामुळे तिला उघड विरोध करता येईना. "मटण डाळीत घालायचं?" एवढंच ती म्हणाली. शेजारी कुणाचा तरी साखरपुडा मोडल्याची बातमी ऐकावी, तसा आवाज होता.

आता धनसाक विचारायचं तर आँटीला. आँटी आणि आई एकाच बँकेत, एकाच काउंटरमागे तीस वर्षं होत्या आणि तीस वर्षं एकमेकींचे डबे खाऊन एकमेकींना सुधारत होत्या. आम्ही दादरच्या हिंदू कॉलनीत, आँटी पारशी कॉलनीत. मधे भिंत नाही. मुंबईतल्या बऱ्याच पारशी वसाहतींना कुंपण, फाटक, पहारेकरी असं सगळं असतं. ही मात्र उघडी. 1920च्या दशकात मंचेरजी एदलजी जोशी नावाच्या इंजिनिअरने इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या मागे लागून ही जमीन आपल्या लोकांसाठी मिळवली. हो, पारशी आणि जोशी. आईला हे कळलं तेव्हा तिचा पारशी समाजाविषयीचा आदर थोडा कमी झाला होता. "जोशी म्हणजे शेवटी वरणभातच," असं ती म्हणाली. हे वाक्य तिच्यावर कसं उलटलं ते पुढे येईलच.

आँटीने फोनवर कृती सांगितली. तूरडाळ, मसूर, मूग आणि थोडे वाल. लाल भोपळा, वांगं, मेथी, पुदिना. प्रमाण अगदी काटेकोर, पण तिच्या सासूच्या निळ्या वाटीत. तूर दीड निळी वाटी, मसूर अर्धी. मी म्हटलं, "आँटी, ग्रॅममध्ये सांगा ना."

"ग्रॅम सोनाराकडे. तू मारा ऐक, वाटीने घे."

वाटी द्यायला मात्र ती तयार नव्हती. वाटी घराबाहेर जात नाही. म्हणून शनिवारी संध्याकाळी डाळींच्या चार पिशव्या घेऊन मीच त्या वाटीकडे जाणार, असं ठरलं.

त्याआधी सकाळी मटण. खाटकाच्या दुकानात उभा असताना आईचा फोन आला. खांदा घे, चाप घे, नळी जास्त नको. तो ठेवतो न ठेवतो तोच आँटीचा. नळी पायजे डीकरा, नळीशिवाय दाळला काय चव? दोघींना एकाच वेळी कॉलवर घ्यायचा आचरटपणा मी केला नाही, पण आईने आँटीला परस्पर फोन लावला आणि ठरलेला निकाल मला पुन्हा फोन करून कळवला, तो आँटीने लगेच नाकारला. खाटकाने सुरा खाली ठेवला. "साहेब, आधी घरी ठरवा, मग या." मागे रांगेतल्या एका गृहस्थांनी मला 'धनसाक का?' असं सहानुभूतीने विचारलं. त्यांनीही कधीतरी भोगलं असावं.

मसाला आणला, तिथे वेगळंच घडलं. धने, जिरे, दालचिनी, लवंग ठीक. पण पुडीत दगडफूल निघालं, नागकेशर निघालं. आईने ती हुंगली, पुन्हा हुंगली आणि चष्मा लावला. "अरे, हे तर गोड्या मसाल्यातलं सामान!" मग तासभर तिचा मूड बरा होता. आपलं सामान लोकांच्या घरी नीट नांदतंय म्हटल्यावर कोणालाही बरं वाटणारच.

संध्याकाळी पिशव्या घेऊन आँटीकडे गेलो. निळी वाटी काचेच्या कपाटातून निघाली, पुसली गेली. तूर मोजून झाली, मसूर चालली होती. आँटीने सहज विचारलं, "कोण येतंय उद्या?"

"कोणी नाही. हिचा वाढदिवस आहे."

वाटी टेबलावर ठेवली गेली. आँटी खुर्चीत बसली.

"गांडो थयो छे? वेडा झालास? वाढदिवसाला धनसाक?"

मग कळलं ते असं. पारशी घरात कोणी गेलं की तीन दिवस मांस शिजत नाही आणि चौथ्या दिवशी ते पाळणं सुटतं ते धनसाकने. त्यामुळे एरवी दर रविवारी दुपारी, वर बिअर पिऊन, खुशाल हाणा. पण लग्न, नवजोत (म्हणजे त्यांची मुंज), वाढदिवस, नवरोज अशा शुभ दिवशी धनसाक चुलीवर चढत नाही. रविवारी चालतं, पण वाढदिवस रविवारी आला तर चालत नाही. मी एक डळमळीत युक्तिवाद केला की आम्ही पारशी नाही, तेव्हा आम्हाला हा नियम लागू नसावा. आँटीने त्यावर उत्तर दिलं नाही, फक्त वाटी पुन्हा कपाटात ठेवली.

"मग शुभ दिवशी काय करतात?"

"सवारे शेव. घीमां परतेली, साकरवाळी, बेदाणा-बदाम घालून, गोड दह्यासोबत. दारावर तोरण, उंबऱ्यावर चुन्याची रांगोळी. आणि दुपारला धन-दार ने कोलमीनो पाटियो."

पाटियो म्हणजे कोळंबीचं आंबट-गोड-तिखट कालवण आणि धन-दार म्हणजे पांढरा भात आणि साधी तूरडाळ. मी घरी येऊन हे सांगितलं.

"म्हणजे वरणभात," आई म्हणाली. मग बराच वेळ ती काही बोलली नाही. जोशींबद्दलचं वाक्य तिला आठवत होतं हे मला दिसत होतं, आणि मला आठवतंय हे तिला दिसत होतं.

मटण फ्रीजरमध्ये गेलं. रविवारी सकाळी दहाला आँटी स्वतः आली, एका हातात तोरण आणि दुसऱ्या हातात व्हिनेगरची बाटली. नवसारीच्या कोलाहंचं, उसाच्या रसाचं, गडद तपकिरी. ते घर 1885 पासून हेच करतंय आणि त्याशिवाय पाटिया करणं आँटीच्या लेखी पापच. पण आता मामला कोळंबीचा होता. कोळंबी म्हटल्यावर आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हात पदराला पुसत. हे पुसणं म्हणजे शस्त्र परजणं असतं.

"चिंच."

"व्हिनेगर."

"निदान ओलं खोबरं तरी?"

"तुम्ही लोक चहात पण खोबरा घालाल."

माझ्याकडे कांदे होते. पाटियाला कांदा भरपूर आणि अगदी बारीक लागतो, म्हणजे शिजून त्याचा पत्ताच लागू नये. त्यात लसूण, जिरं आणि लाल मिरचीचं वाटण, टोमॅटो, मग गूळ आणि व्हिनेगर. हे गूळ-व्हिनेगर प्रकरण फार नाजूक असतं. एकीने गूळ टाकला की दुसरी व्हिनेगर ओतायची, ते जास्त झालं म्हणून पुन्हा गूळ, मग ती म्हणायची आता फारच गोड, पुन्हा व्हिनेगर. पातेलं मोठं करावं लागलं. आंबट, गोड, तिखट हे तिन्ही त्यात यायचे असतात आणि ते सगळे आले, तेही चौघांऐवजी बाराजणांना पुरतील एवढे. कोळंबी त्या मानाने कमी पडली, पण ते दोघींपैकी कोणीच मान्य केलं नाही.

डाळीवर आँटीने लसूण-जिऱ्याची फोडणी घातली, लोण्याचा गोळा ठेवला. हिंग नाही, गूळ नाही. आईने चमचाभर चाखली. "बरी आहे," म्हणाली. आमच्या घराण्यात परक्याच्या डाळीला मिळालेली ही सर्वोच्च पदवी.

जिचा वाढदिवस होता तिला आम्ही धनसाकाऐवजी वरणभात वाढत होतो, याची जाणीव मला पानं मांडताना झाली. भात, त्यावर पिवळी डाळ, बाजूला घट्ट लालभडक पाटिया. बायकोने घास घेतला, दुसरा घेतला, मग बोलायचंच बंद केलं. तिसऱ्यांदा भात घेताना तेवढं म्हणाली, "धनसाक पुढच्या रविवारी हं. सोडलेलं नाही मी."

पुढच्या रविवारी ते झालं. त्यात सांगण्यासारखं दोनच. एक, मटण वेगळं काढल्यावर डाळ-भाज्या घोटून चाळणीतून गाळायच्या असतात. हे काम मिक्सर करू शकतो असं मला वाटतं. आँटीला वाटत नाही. माझा उजवा खांदा मंगळवारपर्यंत आँटीच्या बाजूने साक्ष देत होता. दुसरं, ब्राऊन राईस. तुपात साखर घालून ती तांबूस होईपर्यंत थांबायचं आणि काळी होण्याच्या आत पाणी ओतायचं. त्या दोन्हींच्या मधे जेमतेम एका शिंकेचा वेळ असतो. साखर मुद्दाम करपवताहेत हे बघून आई देवघरात जाऊन बसली. जेवायला मात्र पहिली आली, नळी शोधून काढली आणि ती ताटावर आपटून चोखत असताना माझी नजर चुकवत राहिली. जेवणानंतर चार वाजेपर्यंत घरात कोणीही जागं नव्हतं. इस्त्रीवाला दोनदा बेल वाजवून गेला म्हणे.

आता सोमवारचं सांगतो. ऑफिसातून लवकर आलो तर आई गॅसपाशी. कढईत सकाळची भेंडीची भाजी, तिच्यात खळगे केलेले आणि त्यात ती एकेक अंडं फोडून सोडत होती. आँटीकडे भेंडी, टोमॅटो, बटाटा, काहीही उरलं की त्यावर अंडी फोडून झाकण ठेवतात, ते पर ईडू. आईने तीस वर्षं डब्यात ते पाहून नाक मुरडलेलं.

"आई, हे पारशी ना?"

तिने झाकण ठेवलं, गॅस बारीक केला.

"काही नाही. आपल्याकडे पूर्वीपासून करतात. तुझी पणजी करायची. त्यांनीच उचललं असेल कुठूनतरी."